इकडे-तिकडे बघून

चारचौघांत सांगण्यासारखा नसलेला विनोद सांगायचा असला की माणूस आधी मान फिरवतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मुरलेला असेल तर पाठीमागेही. मग खुर्ची पुढे सरकते, आवाज खाली येतो, एक हात उगाचच ऐकणाऱ्याच्या मांडीवर पडतो आणि "अरे, एक आठवला" म्हणत गाडी सुरू होते. ऑफिसचं कँटीन असो, लग्नाच्या हॉलबाहेरचा पानवाला असो की नाटकाच्या मध्यंतरातली बटाटेवड्याची रांग असो, या विधीत फरक पडत नाही. मला आता विनोदाऐवजी मानेकडेच बघायची सवय लागली आहे. विनोद बहुधा ऐकलेला असतो. मान दर वेळी नवं काहीतरी सांगून जाते.

मान शोधत असते तो विनोदातला माणूस. तो नाही तर निदान त्याच्या गावचा, जातीचा, धंद्याचा किंवा वजनाचा कोणीतरी. टकलावरचा विनोद ओठांवर असला आणि दुसऱ्या टेबलावर टक्कल चमकलं, तर तो विनोद परत आत जातो आणि जाड्या माणसावरचा बाहेर येतो. कोपऱ्यात जाडा माणूस डोसा खात असेल तर मग पाळी सासूची. हे सगळं दोन सेकंदांत होतं आणि सहसा चुकत नाही. म्हणजे आपण काय सांगतो आहोत आणि ते कुणाला कुठे लागणार आहे, हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून प्रकरण अंगाशी आल्यावर "अहो, कुणाला वाईट वाटेल अशी मला कल्पनाच नव्हती" असं जे म्हणतात, त्याचं मला मूळ विनोदापेक्षा जास्त हसू येतं. कल्पना नव्हती तर मान कशाला फिरवलीत? उसण भरली होती?

विनोदकाराची सामाजिक जबाबदारी हा तसा परिसंवादाचा विषय. अध्यक्ष, तीन वक्ते, शाल-श्रीफळ आणि शेवटी आभारप्रदर्शन, एवढं त्यात सहज बसतं. पण परिसंवाद नव्हते तेव्हाही ही जबाबदारी कुणीतरी पार पाडतच होतं, आणि ते काम मानेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांकडे होतं असं माझं ठाम मत आहे.

याला अपवाद एकच. साहेब. साहेबाची मान फिरत नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला काय वाटेल याची चिंता करायला त्याला पगार मिळत नाही. ऑफिसातला निरोप समारंभ आठवा. कागदी डिशमध्ये सामोसा, वेफर आणि पेढा. ज्या बाई निवृत्त होत आहेत त्यांनी उभी हयात हिशेबाच्या खात्यात काढली आहे आणि साहेबांची प्रवासबिलं वेळोवेळी सांभाळून घेतली आहेत. साहेब भाषणाला उभे राहतात आणि बायकांच्या बडबडीवर एक विनोद करतात. सगळे हसतात. पुरुष साहेबांकडे बघून हसतात, बायका एकमेकींकडे बघून. निवृत्त होणाऱ्या बाईही हसतात, पण हसताहसता त्यांची बोटं डिशमधला एक वेफर मोडत असतात. अर्ध्याचा पाव, पावाचे तुकडे, तुकड्यांचा चुरा. भाषण संपतं तेव्हा डिशमध्ये सामोसा आणि पेढा शाबूत असतात आणि वेफरचं पीठ झालेलं असतं. साहेब मात्र घरी जाऊन सांगतात, बाई फार स्पोर्टिंग होत्या.

ज्यांना मान फिरवायचा कंटाळा असतो पण साहेबाइतका अधिकार नसतो, ते प्रस्तावना करतात. "राग मानू नका हं, पण..." किंवा "माझे स्वतःचे कितीतरी मित्र त्या समाजाचे आहेत, पण..." लिहिताना 'ह. घ्या.' म्हणजे हलके घ्या. हा विनोदाचा अटकपूर्व जामीन. गंमत म्हणजे खरोखर हलक्या असलेल्या विनोदामागे 'हलके घ्या' लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. जड सामान असतं तिथेच ती सूचना चिकटवतात.

आपल्या पूर्वजांना कुणाला बोचणारं बोलायची हौस कमी होती असा समज कुणी करून घेऊ नये. हौस दांडगी होती, पण तिची व्यवस्था लावलेली होती. कोकणातला शिमगा घ्या. होळीपाशी बोंबा मारत, नावं घेऊन जे बोललं जातं ते एरवी बोललं तर डोकी फुटतील. पण त्या रात्रीचा राग धरायचा नाही असा संकेत, आणि ज्याचा उद्धार केला त्याच्याच खांद्याला खांदा लावून दुसऱ्या दिवशी पालखी नाचवायची. भोंडल्याचंही तेच. हत्तीभोवती फेर धरून पोरीबाळी सासू-सासरे, नणंदा-जावा सगळ्यांना सोलून काढतात. पण त्या वेळी सासू कुठे असते? आत, खिरापत करत. भिंत एक विटेची आणि गाण्याचा आवाज चढा. तिला ऐकू जावं अशीच तर सोय केलेली. तिनंही सून असताना असाच फेर धरलेला असतो, त्यामुळे ती खिरापतीत मीठ जास्त घालत नाही. घालत असेल तर ते त्यांचं त्या बघून घेतात.

तमाशात तर ज्याच्यावर विनोद व्हायचा तो पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसलेला असे. गण झाला, गवळण झाली, बतावणी सुरू झाली की सोंगाड्या गावच्या पाटलाला, तलाठ्याला, सावकाराला हळूच गोवायचा. पाटील हसले तर सगळं गाव मोकळं होऊन हसायचं. नाही हसले तर सोंगाड्याला रात्रीतच कनात आवरायची तयारी ठेवावी लागे. म्हणजे बोलायची मुभा होती, पण बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडापलीकडे काही नव्हतं. त्यामुळे सोंगाड्याचं डोकं तल्लख राहायचं. समोर पाटील बसलेला असताना वाक्य कुठवर न्यायचं आणि कुठे सोडून द्यायचं, ही कला घरी गादीवर लोळत येत नाही.

दादा कोंडके याच शाळेतले. 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातून ते पुढे आले आणि १९७१ मध्ये त्यांनी सिनेमा काढला त्याचं नावच 'सोंगाड्या'. त्यांची रीत अशी की वाक्य अगदी सरळ बोलायचं, चेहरा त्याहून सरळ ठेवायचा आणि वाकडं जे काही व्हायचं ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात होऊ द्यायचं. सेन्सॉर बोर्डावरच्या सभ्य माणसाला आक्षेप घ्यायचा म्हणजे आधी आपल्याला काय सुचलं ते कागदावर लिहून द्यायची आली. मला दादांचे सगळेच सिनेमे आवडतात असं नाही. पण चावटपणाची निम्मी जबाबदारी प्रेक्षकाच्या गळ्यात घालण्याची ती युक्ती मोठमोठ्या वकिलांना जमणार नाही.

लिहिणाऱ्यांतही हीच चाल होती. आचार्य अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ टिंगल केली. टोपणनाव केशवकुमार, पण खरा माणूस कोण हे कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं. कवीही पुण्यात, टिंगल करणाराही पुण्यात, आणि तेव्हाचं पुणं एवढंसं. संध्याकाळी फिरायला निघालं की कुठल्यातरी पुलावर गाठ पडणारच. पु. ल. देशपांड्यांनी तर मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर या तिघांनाही एका दमात घेतलं. ते ऐकताना पुणेकर सगळ्यांत मोठ्यानं हसतो, कारण हे शेजारच्या पुणेकराबद्दल चाललं आहे याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

आता जरा परदेशी जाऊन येऊ, कारण काही जणांना वाटतं की अमुक एक समाज मुळातच विनोदी आहे म्हणून त्याच्यावर विनोद होतात. ख्रिस्टी डेव्हिस नावाचे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांनी देशोदेशींचे असले विनोद जमवले आणि १९९० मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं ते असं की बिनडोक माणसाचा विनोद जगभर तोच आहे, नुसती टोपी बदलते. इंग्रज तो आयरिश माणसावर सांगतात, फ्रेंच बेल्जियमच्या माणसावर, अमेरिकन पोलिश माणसावर. आपल्याकडे त्याला पगडी घालून सरदारजी केलं. बेल्जियममधल्या माणसाला आणि पंजाबातल्या माणसाला एकाच दिवशी एकच मूर्खपणा सुचावा हे जरा कठीण आहे. विनोदाला सरदारजी लागतच नाही. त्याला 'आत्ता इथे नसलेला माणूस' लागतो. तोच, ज्याला मान शोधत असते.

सरदारजींच्या विनोदांविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीच्या एका शीख वकीलबाई सुप्रीम कोर्टात गेल्या. मागोमाग गुरखा समाजावरच्या विनोदांची तक्रार घेऊन कायद्याचे विद्यार्थीही गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम कोर्ट घालून देऊ शकत नाही. मला हे पटलं. न्यायमूर्तींनी खटले सोडून विनोद तपासत बसावं, हा विनोद कुणाला परवडेल? पण मधल्या काळात आपल्याकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. सरदारजी अवघड आहे म्हटल्यावर तेच विनोद पगडी उतरवून आले आणि बंड्या, गण्या, झंप्या या पोरांच्या अंगावर चढले. विनोदाचं काहीही बिघडलं नाही. बंड्याची संघटना नसल्यामुळे निवेदनही आलं नाही. आणि त्या आधी कितीतरी वर्षं खुशवंत सिंग सरदारांवरच्या विनोदांची पुस्तकं रेल्वे स्टेशनांवर खपवत होतेच. पण त्यांना मान फिरवायची गरज नव्हती. आरशात बघितलं की परवानगी मिळायची.

इथे गणपतीतला एक प्रसंग सांगायला हवा, कारण मानेबद्दलचं माझं ज्ञान त्या दिवशी पुरतं बदललं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या दिवशी विविध गुणदर्शन असतं. गुण संपले तरी दर्शन चालू राहतं. लहान मुलांचे नाच झाले, एका काकूंचं भावगीत दोनदा झालं (पहिल्यांदा करावके बंद पडला होता), आणि कमिटीतले एक गृहस्थ 'हास्यतुषार' घेऊन माइकपाशी आले. मी सवयीनं त्यांच्या मानेकडे बघितलं. पुढच्या रांगेत सेक्रेटरींच्या पत्नी, म्हणजे बायकोवरचे विनोद बाद. त्यांच्या शेजारी खजिनदार, ते गुजराती आणि मंडपाचं बिल अजून त्यांच्या सहीसाठी पडलेलं, म्हणजे कंजूषपणाचे बाद. मागे नागपूरकर. त्यांच्या बाजूला सगळ्यांत मोठी वर्गणी दिलेलं सिंधी कुटुंब. खांबापाशी अंगानं भरलेल्या डॉक्टरीणबाई, ज्या रात्री-अपरात्री बेल वाजवली तरी दार उघडतात. गृहस्थांचा आयुष्यभराचा साठा पाच सेकंदांत निकामी झाला. घाम फुटलेला दिसत होता. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी गुरखा वॉचमनवरचा एक विनोद, त्या हेलासकट, ठोकून दिला.

हशा झाला, चांगला झाला.

आमचा वॉचमन नेपाळचा आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात. त्याचं नाव बहादूर नाही हे पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी आधार कार्डाची झेरॉक्स काढली तेव्हा कमिटीला कळलं, आणि झेरॉक्स फायलीत लागल्यावर सगळे ते विसरले. त्या संध्याकाळी तो स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याला लागूनच उभा होता. एक्स्टेन्शन बोर्डातली पिन सैल होती. सोडली की माइक खरखरायचा, म्हणून त्याला ती अंगठ्यानं दाबून धरायला सांगितलं होतं. विनोद चालला होता तेव्हा तो पिन दाबून उभा होता. हशा झाला तेव्हाही. त्या विनोदाला लागणारी वीज त्याच्या अंगठ्याखालून जात होती. अंगठा उचलला असता तर विनोदाचा शेवट कुणालाच कळला नसता. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या विनोदाच्या वेळी फक्त हात बदलला.

गृहस्थांची मान त्याच्यावरून गेलेली मी स्वतः पाहिली होती. गेली, आणि थांबली नाही. त्यांच्या दृष्टीनं तिथे कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मान सगळ्यांना मोजत नाही. ती खानेसुमारी करते, पण यादी आधीच ठरलेली असते. वर्गणी देणारे, सही करणारे, रात्री दार उघडणारे यादीत. कामवाली, लिफ्टमन, चहावाला पोऱ्या, घरात असून कोपऱ्यात बसलेली म्हातारी आत्या यादीत नाहीत. त्यांच्यासमोर त्यांच्यावरचा विनोद खुशाल सांगता येतो आणि वर 'कुणी नव्हतंच की तिथे' अशी शपथही घेता येते. गृहस्थ काही दुष्ट नव्हेत. दिवाळीत पोस्त द्यायला ते सगळ्यांत पुढे असतात. पण पोस्त खाली बघून देतात आणि मान आडवी फिरते, त्यामुळे दोहोंची गाठ पडत नाही.

याच्यापुढची गोष्ट महिन्याभरानंतरची. शेवटच्या लोकलनं येऊन मी गेटपाशी पोचलो तर केबिनच्या मागे आमचा आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे वॉचमन बसले होते आणि आमचा काहीतरी सांगत होता. नेपाळीत. मला शब्द कळत नव्हते, पण सांगता सांगता त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवून पोट पुढे काढलं आणि टाक्यांकडे बोट दाखवत जी चाल करून दाखवली, ती आमच्या चेअरमनची होती. जगात दुसऱ्या कुणाची नाही. बाकीचे दोघे हसून वाकले होते. तेवढ्यात त्यानं मान वळवली. मी दिसलो. हात कमरेवरून खाली आले, पोट आत गेलं.

"नमस्ते साब."

"काय चाललंय?" मी विचारलं. खरं म्हणजे मला तो विनोद शेवटपर्यंत ऐकायचा होता. चेअरमनवरचा इतका अभ्यासपूर्ण विनोद आमच्या कमिटीत कुणाला जमलेला नाही.

"कुछ नहीं साब, ऐसे ही."

किती आग्रह केला तरी बधला नाही. त्याच्या यादीत मी होतो. आमच्या यादीत तो नव्हता. सभ्य कोण, याचा निकाल मी जिना चढताना लावायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या मजल्यावर सोडून दिला.

मोबाइल आल्यापासून मात्र मानेला एकच दिशा उरली आहे, खाली. ज्या विनोदासाठी पूर्वी खुर्ची ओढून, दबक्या आवाजात, एका माणसाच्या कानाशी लागावं लागे, तो मग सकाळी सहाला दात घासता घासता २५६ जणांना सांगता येऊ लागला. २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपनं गटाची मर्यादा वाढवून १०२४ केली. एवढी माणसं माझ्या लग्नाला नव्हती. त्यांत टकले असणार, जाडे असणार, विधवा असणार, मूल होत नाही म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवणारे असणार. कुणाकुणाकडे बघणार? त्यापेक्षा बघूच नये. आणि विनोदाला मालकही नको. बाणाची खूण आणि 'फॉरवर्डेड' एवढा शिक्का असला की झालं. फार फिरलेला असेल तर दोन बाण. बेवारस सामानाबद्दल रेल्वे निदान घोषणा तरी करते.

या फॉरवर्डला एका वेळी पाचच ठिकाणी जायची मर्यादा २०१८ मध्ये भारतात घातली गेली. त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवांपायी त्या वर्षी माणसं मारली गेली. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला. अफवा पाठवणाऱ्या प्रत्येकानं 'आलंय तसं पाठवतोय' असंच म्हटलं असणार. विनोदाखालीही हेच वाक्य असतं.

'आलंय तसं पाठवलं' हा बचाव कोर्टात काय होतो तेही बघून ठेवा. एस. वे. शेखर हे तमिळ नट आणि माजी आमदार. महिला पत्रकारांबद्दल गलिच्छ मजकूर असलेली एक पोस्ट त्यांनी २०१८ मध्ये फेसबुकवर पुढे ढकलली. ओरड झाल्यावर म्हणाले, न वाचताच पाठवली. मद्रास हायकोर्टानं अटकपूर्व जामीन नाकारताना म्हटलं की मजकूर पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणं. प्रकरण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथे त्यांच्या वकिलांनी सांगितलं की त्या दिवशी त्यांनी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे मजकूर वाचता आला नाही. डोळ्यांत औषध घातलेल्या माणसाला मजकूर दिसत नाही पण शेअरचं बटण दिसतं, हे नेत्रतज्ज्ञांनी अभ्यासण्यासारखं आहे. खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. समाजमाध्यम वापरायचं तर जपून वापरा आणि परिणामांना तयार राहा, असं सांगून कोर्टानं त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं.

अॅडमिन लोकांचं दैव मात्र बरं. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सभासदानं काही आक्षेपार्ह टाकलं तर संगनमत असल्याशिवाय त्याचा दोष अॅडमिनवर येत नाही. आमच्या सोसायटीच्या अॅडमिननं त्या निकालाची बातमी गटावर तीनदा टाकली आणि मग निर्धास्तपणे स्वतःच एक विनोद टाकला.

पण म्हणून हे मानेचं काम पोलीस ठाण्याकडे द्यावं, असं मला मुळीच वाटत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. पोस्टमध्ये साधी शंका होती, विनोदही नव्हता. एकीनं लिहिली होती, दुसरीनं नुसती लाइक केली होती. पुढे ते प्रकरण इतकं गाजलं की २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलमच काढून टाकलं. कलम गेलं, पण भावना दुखावून घेण्याचा व्यवसाय बसला नाही. काही मंडळींच्या भावना सकाळी दहाला दुखावतात आणि अकराला निवेदन देतानाचा फोटो छापायला तयार असतो. त्यांचीही मान फिरते, फक्त कॅमेरा कुठे आहे ते बघायला. माझ्यावर वेळ आली तर मी या मंडळींपेक्षा वाह्यात विनोद सांगणाऱ्याच्या बाजूला बसेन. त्याच्याकडे निदान एखादा विनोद तरी असतो.

राहता राहिले आमचे काका. बँकेतून निवृत्त, स्वभावानं भाबडे, आणि घराण्याच्या गटावर रोज पहाटे बायकोवरचा एक विनोद टाकण्याचं व्रत घेतलेले. या विनोदांतली बायको माझ्या लहानपणापासून एक दिवसही मोठी झालेली नाही. ती अजून साडीसाठी हट्ट करते, लाटणं उगारते, रुसून माहेरी जाते आणि नवरा सुटलो म्हणून पेढे वाटतो. प्रत्यक्षात आमच्या घराण्यातल्या निम्म्या घरांत पोळ्या पोळीभाजी केंद्रातून येतात. साड्यांचं म्हणाल तर पार्सल येतं तेव्हाच नवऱ्याला कळतं, कारण ओटीपी त्याच्या मोबाइलवर असतो. आणि काकूंचं माहेर पुढच्याच स्टेशनला आहे. तिथे त्या दोन दिवस गेल्या तर काकांना रक्तदाबाची गोळी कुठली आणि अॅसिडिटीची कुठली, हे विचारायला पाच फोन करावे लागतात. पेढे वाटायला सवड कुठली?

काकू त्याच गटात आहेत. काकांच्या प्रत्येक विनोदाखाली त्या अंगठा टाकतात. कधी हसरा चेहरा नाही, कधी रागाचा नाही. अंगठा. काका त्याला दाद समजतात. मला ती पोच वाटते, रजिस्टर पत्राची असायची तशी.

गेल्या महिन्यात धाकट्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. पंगत बसली होती, काकू मठ्ठ्याचं भांडं घेऊन वाढत होत्या. त्या दिवशी पहाटेचा विनोद जरा जास्तच झणझणीत होता. भाचा वात्रट आहे. तो ताटावरूनच ओरडला, "काका, आज सकाळचा भारी होता! पण व्याह्यांच्या मंडळींनी वाचला नाही. इथेच सांगा ना सगळ्यांना, मोठ्यानं."

"हो, हो, सांगा!" व्याहीही म्हणाले.

काकांनी जिलबी खाली ठेवली. कौतुकानं फुगले होते. "हां. एकदा काय होतं, एक नवरा असतो..."

"बरं," काकू म्हणाल्या. मठ्ठ्याचा डाव हातात, अगदी त्यांच्या ताटासमोर.

"तर तो नवरा... त्याची बायको..."

"तिचं काय?"

"तिचं काही नाही. ती घरीच असते." काकांनी पाण्याचा घोट घेतला. पंगत जेवायची थांबली होती. विहीणबाईंचा घास हातातच होता. "तर तो नवरा आपला बाजारात जातो."

"कशाला?"

"भाजी आणायला."

"आणि?"

"आणि घेऊन येतो."

इतकं मोठ्यानं हसलेलं आमचं घराणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. व्याह्यांना ठसका लागला. पाळण्यातलं बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. काकांना वाटलं विनोद रंगला, तेही हसायला लागले.

काकूंनी त्यांच्या वाटीत डावभर मठ्ठा ओतला आणि विचारलं, "अहो, पण भाजी कुठली आणली?"